'केअरलेस व्हिस्पर'च्या पलीकडचा जॉर्ज मायकल

सांजधून
१२ जून, रात्री १०:२०

गेल्या आठवड्यात भाच्याच्या साखरपुड्याला हॉलवर सॅक्सोफोनवाला बोलावला होता. दोन-चार हिंदी गाणी झाल्यावर त्यानं 'केअरलेस व्हिस्पर'ची सुरुवात धरली, आणि कोपऱ्यातली सगळी पोरं एकदम खिदळायला लागली. मला कारण कळेना. भाचा म्हणाला, "मामा, ही मीमवाली धून आहे." कुणीतरी केस उडवत सावकाश वळून बघतं आणि मागे हे वाजतं, असले व्हिडिओ त्यानं दाखवले. गाणं कुणाचं आहे माहीत आहे का, असं विचारलं, तर पाचांपैकी एकाला गायकाचं नाव तेवढं ठाऊक होतं.

पोरांवर राग नाही. मी १९८७ साली ठाण्यात नववीत होतो, तेव्हा माझंही तेच झालं होतं. त्या वेळी कॅसेट भरून देणारी दुकानं असायची. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी घेऊन यायची. एका बाजूला जागा उरली म्हणून दुकानदारानं आपल्या मनानं हे गाणं भरून टाकलं होतं. वर नाव लिहिलेलं नव्हतं. गाणारा कोण हे कळायला मला वर्ष लागलं. पोरांना ते आज रात्रीच कळावं, म्हणून हा धागा.

जॉर्ज मायकल हे त्यानं घेतलेलं नाव. घरचं नाव जॉर्जिओस किरियाकोस पानायोटू. जन्म २५ जून १९६३, लंडनच्या ईस्ट फिंचली भागात. वडील सायप्रसहून आलेले, कष्ट करून स्वतःचं रेस्टॉरंट काढलेले. आई इंग्रज. पुढे घर लंडनबाहेर हर्टफर्डशरला हललं आणि तिथल्या बुशी गावातल्या शाळेत त्याला अँड्र्यू रिजली भेटला. नव्या मुलाची काळजी कोण घेईल असं वर्गात विचारलं गेलं, तेव्हा अँड्र्यूनं हात वर केला. तीच दोघं पुढे 'व्हॅम' म्हणून जगभर पोचली.

सतरा वर्षांचा असताना जॉर्ज एका रेस्टॉरंटमध्ये तबकड्या लावायचं काम करायचा. कामावर जाताना बसमध्ये तिकिटाचे पैसे देता देता त्याला ती सॅक्सोफोनची ओळ सुचली, असं त्यानंच सांगून ठेवलंय. पुढचे जवळजवळ तीन महिने तो ते गाणं नुसतं डोक्यात घोळवत होता. वाद्य नाही, कागद नाही. जाता-येता बसमध्ये एकेक ओळ बसवायची.

१९८३ मध्ये ते ध्वनिमुद्रित करायला त्याला अमेरिकेत अलाबामा राज्यात, मसल शोल्सला पाठवलं गेलं. निर्माता कोण, तर जेरी वेक्सलर! ज्यानं अरीथा फ्रँकलिन आणि रे चार्ल्सची ध्वनिमुद्रणं केली तो. विशीतल्या पोरानं हात जोडून "हो" म्हणावं असा माणूस. जॉर्जनं ते मुद्रण ऐकलं, हे आपल्या डोक्यातलं गाणं नाही म्हणाला, आणि लंडनला येऊन सगळं पुन्हा स्वतः केलं.

आणि सॅक्सोफोन? एकामागून एक वादक आले, ती ओळ वाजवून गेले, पण याच्या मनासारखी कुणाकडूनच येईना. अवघड अशी की ती एका दमात, मधे श्वास न तोडता यायला हवी आणि पहिला सूर फार वरचा. शेवटी स्टीव्ह ग्रेगरी आले. त्यांच्या जुन्या टेनर सॅक्सोफोनला तो वरचा सूर काढणारी चावीच नव्हती. त्यांनी तोडगा सुचवला : टेप अर्धा सूर खाली येईल इतकी मंद चालवा, मी खालच्या पट्टीत वाजवतो, नंतर टेप मूळ वेगावर आणा. तसं केलं. जॉर्ज खोलीत आला, त्यानं ऐकलं, आणि शोध संपला. आपण गेली चाळीस वर्षं ऐकतोय तो सॅक्सोफोन असा किंचित वेग वाढवलेला आहे. म्हणूनच तो थोडा जास्त चमकदार, थोडा जास्त व्याकूळ लागतो असं मला वाटतं.

मी घरी हार्मोनियमवर काढून बघितलं. आपल्या हिशेबानं आसावरी थाटाचे सूर. सुरुवात तार रिषभावर, तिथून षड्ज, मग पंचम, मग कोमल गंधार. षड्जावर न बसता त्याच्या डोक्यावरून उडी मारून खाली यायचं. पुढे कडवं असो की धृपद, चारच कॉर्ड्स गोल फिरत राहतात, आणि तरी पाच मिनिटं कंटाळा येत नाही. सगळा चढउतार गळ्यानं केलेला आहे.

जुलै १९८४ मध्ये गाणं आलं. ब्रिटनमध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर, पुढच्या वर्षी अमेरिकेतही पहिलं, आणि बिलबोर्ड या अमेरिकी संगीत मासिकाच्या १९८५ च्या वर्षभराच्या यादीत सगळ्यांत वर.

मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे. हा माणूस लोकांनी बघितला फार, त्या मानानं ऐकला कमी. केस, दाढीचे खुंट, कानातली रिंग, चामड्याचं जाकीट. त्यामागे एक अतिशय चिकट कारागीर बसला होता. 'लास्ट ख्रिसमस' घ्या. फेब्रुवारी १९८४, आईवडिलांच्या घरी अँड्र्यू खाली टीव्हीवर फुटबॉल बघतोय, हा उठून वर आपल्या जुन्या खोलीत गेला आणि गाणं घेऊन खाली आला. ऑगस्टच्या उकाड्यात स्टुडिओत नाताळची सजावट टांगून ते मुद्रित केलं. ड्रम मशीन, सिंथेसायझर, घुंगरांचा आवाज, सगळं एकट्यानं वाजवलं. दुसऱ्या वादकाला आत घेतलंच नाही. इथिओपियाच्या दुष्काळासाठी निघालेल्या बँड एडच्या गाण्यामुळे ते दुसऱ्या क्रमांकावर राहिलं, बँड एडमध्ये तो स्वतःही गायला होता, आणि आपल्या गाण्याचं मानधनही त्यानं दुष्काळग्रस्तांना देऊन टाकलं. ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं जानेवारी २०२१ मध्ये. छत्तीस वर्षांनी. गाणारा जाऊनही चार वर्षं झाली होती.

२८ जून १९८६ ला वेम्बलीवर बहात्तर हजार लोकांसमोर व्हॅमचा शेवटचा कार्यक्रम झाला. पुढच्या वर्षी 'फेथ' हा एकट्याचा अल्बम आला. लेखन, संगीत, निर्मिती त्याची. त्यातली चार गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि १९८९ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. वय पंचवीस.

आणि मग त्यानं काय केलं? चेहरा काढून घेतला. १९९० च्या 'लिसन विदाउट प्रेज्युडिस'च्या कव्हरवर त्याचा फोटो नाही, कोनी आयलंडच्या किनाऱ्यावरच्या तुफान गर्दीचा १९४० मधला फोटो आहे. 'फ्रीडम ९०'च्या व्हिडिओत तो एकदाही दिसत नाही. नेओमी कॅम्पबेल, सिंडी क्रॉफर्ड वगैरे पाच मॉडेल त्याच्या आवाजावर ओठ हलवतात, आणि 'फेथ'मधलं ते प्रसिद्ध जाकीट आपल्या डोळ्यांदेखत जळतं. गिटार आणि ज्यूकबॉक्सच्या ठिकऱ्या उडतात. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर. मी हे पहिल्यांदा केबलवर बघितलं तेव्हा नुसतं चकचकीत वाटलं होतं. आज वाटतं, जाहीर राजीनामाच होता तो.

त्याच्या रेकॉर्ड कंपनीला, म्हणजे सोनीला, हे मानवलं नाही, नव्या अल्बमकडे तिनं लक्ष दिलं नाही असं त्याचं म्हणणं होतं, आणि १९९२ मध्ये तो सोनीविरुद्ध कोर्टात गेला. तिथे हरला. त्याबद्दल इथल्या वकील मंडळींनी लिहावं, मला त्यातलं नीट कळत नाही.

टेनरबाब
१२ जून, रात्री ११:४५

सांजधूनबाब, देव बरे करूं! चावीची गोष्ट शंभर टक्के पटते, कारण तोच त्रास मी तीस वर्षं काढलाय. मी म्हापशाचा, लग्नांत आणि हॉटेलांत वाजवतो. माझा टेनर मामाकडून आलेला, त्यालाही वरच्या एफ शार्पची चावी नाही. हे गाणं आमच्या टेनरवर ई मायनरमध्ये येतं आणि पहिलाच सूर तो. ओठ आवळून, घशानं ढकलून काढता येतो, पण कधी फाटतो, कधी बारीक येतो. आणि पहिलाच सूर फाटला की नवरा-नवरीसमोर लाज जाते. म्हणून आमच्यातले बहुतेक जण ऑल्टोवर, म्हणजे लहान सॅक्सोफोनवर, वाजवतात, तिथे ती ओळ हातात बसते. पण ऑल्टोचा आवाज वेगळा. त्यात ते भरलेपण नाही. मी आमच्या बँडला अर्धा सूर खाली घ्यायला सांगतो, मग गायक कुरकुरतो.

टेप मंद करून वाजवल्याचं मला आजच कळलं. म्हणजे रेकॉर्डवर आहे तसा आवाज टेनरवर नुसता फुंकून येणारच नाही! इतकी वर्षं मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय.

खडा_मसाला
१३ जून, सकाळी ८:१०

लेख मनापासून लिहिलाय, पण मी सहमत नाही. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये गिरण्या-खाणी बंद पडत होत्या, पोरं बेकारभत्त्याच्या रांगेत होती, आणि व्हॅमवाले पांढऱ्या चड्ड्या घालून तलावाकाठी पेये पीत नाचत होते. एप्रिल १९८५ मध्ये चीनमध्ये बीजिंगच्या कामगार क्रीडागृहात यांचा कार्यक्रम झाला त्याचं केवढं कौतुक झालं, तीही मॅनेजर सायमन नेपियर-बेलची हुशारी. आणि कोर्टाचं म्हणाल तर कोट्यधीश माणसानं स्वतः सही केलेल्या करारावर रडणं मला पटत नाही. गिरणी कामगाराला करार मोडायला कोण वकील देतो? परळच्या चाळीत वाढलोय, म्हणून हे टोचतं.

सांजधून
१३ जून, सकाळी ९:३५

खडा_मसाला, तुमचं टोचणं समजू शकतो. पण व्हॅमचं सगळ्यात पहिलं गाणं, १९८२ चं 'व्हॅम रॅप', बेकारभत्त्यावर जगणाऱ्या पोरांबद्दलच आहे. आणि सप्टेंबर १९८४ मध्ये खाणकामगारांच्या संपाच्या मदतीसाठी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये कार्यक्रम झाला, त्यात व्हॅम होतं. संपाला जाहीर पाठिंबा देणं त्या वेळी लोकप्रिय गायकाच्या सोयीचं नव्हतं. चड्ड्यांचं मात्र मान्य, त्या होत्याच.

ॲड_मृण्मयी
१३ जून, दुपारी २:०५

कोर्टाचं मी लिहिते. कॉलेजात असताना हा निकाल आम्हाला वाचायला होता.

आधी थोडं मागे जाऊ. १९८२ मध्ये व्हॅमनं इनरव्हिजन नावाच्या छोट्या कंपनीशी करार केला तेव्हा दोघांना प्रत्येकी ५०० पौंड उचल मिळाली होती. गाणी गाजली तरी हातात काही पडेना. भांडण कोर्टात गेलं, १९८४ मध्ये तडजोड झाली आणि ते सीबीएस या मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेले. 'फेथ'नंतर १९८८ मध्ये अटी सुधारून नवा करार झाला. त्याच वर्षी सीबीएस रेकॉर्ड्स सोनीनं विकत घेतली होती. म्हणजे ज्या माणसांशी सही केली ती माणसं जाऊन वेगळीच मालक मंडळी आली.

जॉर्ज मायकलचं म्हणणं इंग्रजी कायद्यातल्या एका जुन्या तत्त्वावर उभं होतं : माणसाच्या धंद्यावर अवाजवी बंधन घालणारा करार लागू करता येत नाही. करार आठ अल्बमपर्यंत लांबवता येणार होता, म्हणजे २००३ पर्यंत अडकणं. मुद्रणाच्या मूळ प्रतींची मालकी कायमची कंपनीकडे. आणि गाणी जीव लावून विकण्याची पक्की जबाबदारी मात्र कंपनीवर नाही. १९७४ मध्ये एका तरुण गीतकाराचा असाच एकतर्फी करार हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, अवैध ठरवला होता, त्यामुळे आशेला जागा होती.

पण फरक असा की तो गीतकार करार करताना एकटा आणि अननुभवी होता. जॉर्ज मायकलकडे उत्तम वकील होते, त्यानं पुन्हा पुन्हा वाटाघाटी करून वाढीव पैसे घेतले होते, आणि १९८४ ची तडजोड त्यानं स्वतः स्वीकारली होती. न्यायमूर्ती जोनाथन पार्कर यांनी २१ जून १९९४ ला निकाल दिला. करार वाजवी, दावा फेटाळला. त्यानं अपील केलं, पण सुनावणीआधीच १९९५ मध्ये समझोता झाला. अमेरिकेत ड्रीमवर्क्स आणि इतरत्र व्हर्जिन या कंपन्यांनी मोठी रक्कम मोजून त्याला सोडवून घेतलं.

आपल्याकडे हाच दावा केला असता तर? भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ वाचायला इंग्लंडपेक्षाही कडक आहे, धंद्याला आडकाठी करणारा करार तितक्यापुरता रद्दच. पण करार चालू असतानाच्या बंधनांना ते सहसा लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये आपल्या कल्याणच्या एका कारखान्यातल्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात सांगितलंय. तेव्हा इथेही तो बहुधा हरलाच असता.

खडा_मसाला, तुमच्या प्रश्नाबद्दल. कोट्यधीशानं लढलेल्या खटल्याचा फायदा गरिबाला होतो का? कधी कधी होतो. लतादीदींनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी हवी म्हणून हट्ट धरला, त्यावरून रफीसाहेबांशी बिनसलं, तेव्हा त्याही उपाशी नव्हत्या. २०१२ मध्ये आपला कॉपीराइट कायदा बदलला आणि चित्रपटाच्या गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला सही करून देऊन टाकता येणार नाही असं ठरलं. ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत अशांना आज त्याचा आधार आहे. कुणीतरी नाव असलेल्या माणसानं आधी तोंड उघडावं लागतं.

खडा_मसाला
१३ जून, संध्याकाळी ६:५०

मृण्मयीताई, प्रतिसाद जपून ठेवतोय. लतादीदींचं उदाहरण पटलं. तरी त्या माणसानं ऐन उमेदीची वर्षं कोर्टात घालवली याचं वाईट वाटतं. गाणं सोडून एवढा राग कशाला?

निळापक्षी
१३ जून, रात्री ११:३०

मी इथे फार लिहीत नाही. आज लिहितो.

तुम्ही विचारलंत एवढा राग कशाला. तारखा एकापुढे एक ठेवून बघा. जानेवारी १९९१ मध्ये ब्राझीलला रॉक इन रिओ या संगीत महोत्सवाच्या वेळी त्याला अन्सेल्मो फेलेप्पा भेटला. मनापासून कुणी आपल्यावर प्रेम करतंय असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. थोड्याच महिन्यांत अन्सेल्मोच्या आजाराचं कळलं. एड्सवर तेव्हा धड औषध नव्हतं. २० एप्रिल १९९२ ला क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मरणार्थ वेम्बलीवर कार्यक्रम झाला, त्यात क्वीनबरोबर त्यानं 'समबडी टू लव्ह' म्हटलं. फ्रेडी त्याच आजारानं गेला होता. ते गाणं बघाच. समोर सगळं स्टेडियम हात वर करून टाळ्या देतंय, आणि हा गातोय ते मनात हे सगळं ठेवून. घरी कुणाला सांगितलेलं नाही, जगाला सांगायची सोय नाही. मार्च १९९३ मध्ये अन्सेल्मो गेला. त्यानंतर त्यानं आईवडिलांना पत्र लिहून आपण कोण आहोत ते कळवलं. आणि त्याच ऑक्टोबरात तो साक्षीसाठी कोर्टात उभा होता.

तो खटला चेहऱ्याचा होता, नावाचा होता, माझं आयुष्य कुणी विकायचं याचा होता, असं मला वाटतं. रागाला दुसरी जागाच नव्हती. पुढे त्यानंही सांगितलं की त्या रागात बराचसा शोक होता.

दीडेक वर्ष त्याला एक ओळ सुचली नाही. मग 'जीझस टू अ चाइल्ड' आलं. नोव्हेंबर १९९४ मध्ये बर्लिनला ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी त्यानं ते पहिल्यांदा गायलं, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं की हे कुणासाठी आहे. १९९६ च्या 'ओल्डर' अल्बममध्ये ते पहिलं गाणं आहे.

एप्रिल १९९८ मध्ये बेव्हर्ली हिल्सला साध्या वेशातल्या पोलिसानं त्याला सार्वजनिक स्वच्छतागृहात पकडलं. जगभरच्या पेपरांनी चघळलं. मी तेव्हा सांगलीला बारावीत होतो. आमच्याकडे पेपरात छोटी चौकट आली होती, ती वाचून घरात जे बोललं गेलं ते अजून आठवतं. मी ताटावरून उठलो नाही, जेवत राहिलो. पण काही दिवसांनी तो टीव्हीवर बसून शांतपणे म्हणाला की हो, मी समलिंगी आहे, आणि मला त्याची लाज नाही. त्याच वर्षी 'आउटसाइड' हे गाणं आणलं आणि ज्या गोष्टीवरून सगळे त्याला घालूनपाडून बोलत होते तिच्यावरच नाचला. पोलिसाचा गणवेश घालून. सांगलीतल्या एका मुलाला त्यातून काय मिळालं ते मला सांगता येणार नाही. ३७७ चा निकाल यायला अजून वीस वर्षं होती.

खडा_मसाला
१४ जून, सकाळी ७:१५

निळापक्षी, तारखा बघितल्या. रात्री तो वेम्बलीचा व्हिडिओही बघितला, दोनदा. माझं वरचं "रडणं" मागे घेतो.

मंदाकिनी_लेस्टर
१४ जून, दुपारी ३:४०

मी इंग्लंडात परिचारिका आहे, येऊन तेवीस वर्षं झाली. त्याची आई १९९७ मध्ये कर्करोगानं गेली. तिची सेवा केलेल्या नर्सेसचे आभार म्हणून डिसेंबर २००६ मध्ये त्यानं लंडनच्या राउंडहाउसमध्ये फक्त एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या, नर्सेससाठी फुकट कार्यक्रम केला. माझ्या वॉर्डातल्या मैत्रिणीला पास मिळाला होता. ती थेट रात्रपाळीला आली, डोळे सुजलेले. चहाच्या खोलीत तिनं सांगितलं की इतक्या वर्षांत आपल्याला कुणी खुर्चीत बसवून आपल्यासाठी गायलंय असं झालं नव्हतं. त्या रात्री दोन पेशंट अत्यवस्थ होते, त्यामुळे पुढचं बोलणं राहिलं.

तो २०१६ मध्ये नाताळच्याच दिवशी गेला, गोरिंग-ऑन-थेम्सच्या घरी, त्रेपन्नाव्या वर्षी. त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. वॉर्डातल्या रेडिओवर सकाळपासून 'लास्ट ख्रिसमस' वाजत होतं. बातमी रात्री आली आणि कुणीतरी उठून रेडिओ बंद केला.

नंतर एकेक कळत गेलं. 'जीझस टू अ चाइल्ड'चं मानधन मुलांच्या हेल्पलाइनला, म्हणजे चाइल्डलाइनला, जात होतं. टीव्हीवरच्या एका खेळात आलेल्या बाईनं आयव्हीएफ उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून सांगितलं होतं, तर यानं ते गुपचूप दिले. जिवंत असताना हे बाहेर येऊ दिलं नाही.

चिनू_९८
१४ जून, रात्री ९:००

काका, मी त्याच मीमवाल्या पिढीतली. दोन दिवस धागा वाचतेय. मला फक्त 'लास्ट ख्रिसमस' आणि सॅक्सवालं माहीत होतं. कुठून सुरुवात करू? इंग्रजी गाण्यांची फार सवय नाही, शास्त्रीय शिकतेय.

सांजधून
१४ जून, रात्री १०:१५

चिनू, बरं वाटलं वाचून. शास्त्रीय शिकतेस तर 'वन मोअर ट्राय'पासून सुरू कर. 'फेथ'मधलं आहे. जवळजवळ नुसता ऑर्गन आणि आवाज. लय इतकी संथ की लपायला जागा नाही. तो सूर लावून लगेच सोडत नाही, धरतो, आणि श्वास संपत आला की मग हलकेच वळवतो. ते वळण ऐक. मग 'अ डिफरंट कॉर्नर'. ते लिहिलं, गायलं, वाजवलं त्यानं एकट्यानं, १९८६ मध्ये. इअरफोन लावून ऐक, मधल्या मोकळ्या जागा त्यानं किती जपल्यात ते कळेल. गडबडीची गाणी नंतर. 'ओल्डर' मात्र अख्खा अल्बम सलग ऐकायचा, रात्री, दिवे घालवून. ब्राझीलचा संगीतकार आंतोनियो कार्लोस जोबिम याला तो अर्पण केलाय, आणि अन्सेल्मोही ब्राझीलचाच. तिथली ती मऊ, मागे रेलून बसणारी लय त्या अल्बममध्ये ठिकठिकाणी आहे. एकदा लक्षात आलं की मग ऐकू येतच राहते.

मंदाकिनीताई, रेडिओ बंद केल्याचं वाचून पुढे वाचवेना. निळापक्षी, तुम्ही लिहिलंत म्हणून हा धागा काढल्याचं सार्थक झालं. लिहीत राहा.

चिनू_९८
१५ जून, रात्री १२:४०

'वन मोअर ट्राय' चार वेळा ऐकलं. आमच्या बाई म्हणतात, सूर सोडताना दार आपटू नये. तो आपटत नाही. उद्या बाईंना ऐकवणार आहे.

टेनरबाब
१६ जून, दुपारी १:२०

काल शनिवारी लग्न नव्हतं. मुलाला म्हटलं, तुझ्या कंप्युटरवर ते गाणं अर्धा सूर खाली कर. वेगासकट खाली, नुसता सूर नको, टेपसारखं झालं पाहिजे. त्यानं करून दिलं. ऐकायला जड, झोपेतून उठल्यासारखं गाणं. मामाचा टेनर काढला, रीड भिजवली, आणि त्याच्यावर वाजवलं. पहिला सूर आता वरचा एफ. त्याला चावी आहे. फाटायचं काही कारणच नाही, हात आपोआप सैल पडला. मुलानं माझं वाजवणं मोबाइलवर धरलं आणि मग परत वेगावर चढवलं.

मामाचाच टेनर होता, फुंक माझी होती, पण आवाज दोघांचाही नव्हता. थोडा तरुण, थोडा पातळ, कडेला चकाकणारा. अगदी रेकॉर्डवर आहे तसा. बायको स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, हें कोण वाजयता?

मुलानं विचारलं, पप्पा, परत लावूं? आम्ही अंधार पडेपर्यंत तेच लावत होतो.